कोरा एक्स-रे

एक्स-रेत एकही कडी नव्हती.

डॉ. वीणांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ जाऊन मल्हारचं पाच वर्षांचं पोट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. फासळ्या, मणके, वायूने फुगलेली आतड्याची वेटोळी. बस. गेल्या शनिवारी त्यांनीच कॅप्सूल फोडून त्यातल्या बारीक कड्या शिकरणात कालवायला लावल्या होत्या. कड्या पचत नाहीत, एक्स-रेत ठळक दिसतात. आतडं चालत असेल तर पाच दिवसांत त्या बाहेर पडतात, नसेल तर आतच अडकून राहतात. तेवढे दिवस पोट साफ होण्याचं कुठलंही औषध द्यायचं नाही, ही एकच अट होती.

"सगळ्या गेल्या की!" डॉक्टर म्हणाल्या. त्या मूळच्या निपाणीच्या. बंगळुरात इतकी वर्षं काढूनही मराठी पेशंट आला की त्यांची जीभ मोकळी सुटायची. "सरी, बरं झालं. खरं सांगू का, मी मागे बोलले तीच धास्ती होती मला. जन्मापासून कुंथणारं पोर. म्हटलं, आतड्याच्या शेवटच्या टोकाला चेतापेशीच नाहीत की काय. मग ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. पण हे तर आपलं आपण चालतंय."

मल्हारच्या बाबांनी, योगीराजने, चष्मा काढून डोळे पुसले. "आईला फोन करतो आता. आठवडाभर धड जेवली नाहीये ती."

"करा करा." डॉक्टर टाइप करू लागल्या. "बायोप्सी नको. रोजचं औषधही हळूहळू बंद करू. तीन महिन्यांनी आणून दाखवा."

सिद्धीने मांडीवर बसलेल्या लेकाच्या शर्टाखाली हात घातला. पहाटे मोकळं झालेलं पोट पुन्हा ताणलं होतं.

ती व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायची. चाचणी पास व्हावी म्हणून कुणी आकडे फिरवले, तर तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि तिनेच, योगीराज अंघोळीला गेला की, मल्हारला आल्याच्या रसातून एरंडेल पाजलं होतं.

आता गप्प राहिलं तर ऑपरेशन टळत होतं. पण औषधही बंद होत होतं. मळ साचत गेला तर आतडं सुजतं, विष चढतं आणि मूल बघता बघता हातचं जातं, हे याच खोलीत, याच खुर्चीवर बसून तिने ऐकलं होतं.

प्रिंटर सुरू झाला.

"डॉक्टर," ती म्हणाली. "कड्या आपोआप नाही गेल्या. मी एरंडेल दिलं होतं त्याला."

योगीराजचा फोन हातातच राहिला. "तू? अगं, दुसऱ्यांच्या असल्या लबाड्या पकडायचा पगार घेतेस ना तू?"

"तुम्ही थांबा हो जरा," डॉक्टर त्याला म्हणाल्या. मग सिद्धीकडे वळल्या. "का दिलंत?"

"शनिवारी इथे बाहेर एक मुलगी बसली होती. ऑपरेशन करून हिच्या पोटाला पिशवी लावलीय, शी त्यातच होते, असं तिची आई कुणाला तरी सांगत होती. ती मुलगी तिथेच बसून बिस्किट खात होती." सिद्धीने मल्हारला घट्ट धरलं. "मला वाटलं, कड्या निघून गेल्या की... आजार नाहीच असं ठरेल. रागवा मला. पण चाचणी पुन्हा करू या. आजच करू या. मी घरी जाऊन शिकरण करून आणते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. सिद्धीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पहिला चमचा कधी दिलात?"

"मंगळवारी सकाळी."

"मग दुपारपर्यंत झालीच असेल."

"नाही. रात्रीपर्यंत बसवत होते त्याला. म्हणून काल परत दिलं. दोनदा. जरा जास्तच."

"आणि झाली कधी?"

"आज पहाटे."

डॉक्टरांनी प्रिंटरमधला कागद काढला, पण वाचला नाही. त्या पुन्हा पडद्यापाशी गेल्या. या वेळी त्या कड्या शोधत नव्हत्या, फुगलेल्या वेटोळ्यांवरून बोट फिरवत होत्या.

"एरंडेल मुलांना काही तासांत लागू पडतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "कितीही जड पोट असलं तरी एका रात्रीत. इथे इतका मारा करूनही दोन दिवस लागले."

"म्हणजे?" योगीराजने विचारलं.

"म्हणजे आतडं नीट चालत नाहीये. शिकरण नको. चाचणी झाली. ह्यांनीच घेतली." त्यांनी कागद दुमडून खिशात टाकला. "आज इथेच दाखल करू या. सकाळी बायोप्सी. आणि मी सांगेपर्यंत ह्याला तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा."

"पण पिशवी...?" सिद्धीने विचारलं.

स्टूल ओढून डॉक्टर मल्हारसमोर बसल्या. तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि त्याच्या पोटावर टेकवले. डाव्या बाजूने हलकेच दाबत त्या खाली येत गेल्या. एका जागी काहीतरी घट्ट लागलं आणि बोटं थांबली. त्यांनी तिथेच पुन्हा दाबून पाहिलं.

मल्हार खिदळला. "गुदगुल्या होतात!"

त्याने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. कुणीच हसत नव्हतं. तेव्हा तो आणखी मोठ्याने हसला.