लोंबकळता पाय

मावशीने चिमट्याने जुनी चिप उचलली आणि चिपचा एक तारेसारखा पाय कट्‌कन तुटला.

"मेली!" चिंगी किंचाळली.

"हळू! तुझी आई ऐकेल."

आईने ऐकलंच. ओले हात पुसत ती दारात येऊन उभी राहिली. टेबलावर तिचा जुना गेम कन्सोल पोट उघडं टाकून पडला होता. झाकण एकीकडे, स्क्रू बशीत. शाळेत असताना दोघी बहिणी मांडीला मांडी लावून ज्याच्यावर खेळल्या होत्या, तोच हा.

"छोटे, याचा जीव घेतलास ना, तर विमान चुकलं तरी सोडणार नाही तुला."

"अगं ताई, चिपमधलं सगळं मी आधीच उतरवून घेतलंय. ही नवी चिप मोठी आहे. अर्ध्या भागात तुझा बायॉस, अर्ध्या भागात तिकडचा. खटका इकडे केला की तुझे गेम, तिकडे केला की माझे."

कन्सोलला जाग आल्याआल्या पहिलं काय करायचं ते सांगतो तो बायॉस, एवढं चिंगीला सकाळपासून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आईच्या कन्सोलचा बायॉस भलताच आखडू. परदेशातली डिस्क घातली की सरळ तोंड फिरवायचा. मावशी तिकडे इतकी वर्षं एकटीच खेळली होती, आणि या खेपेला त्या सगळ्या डिस्क पिशवीत भरून घेऊन आली होती. दुपारी ती परत निघणार होती. पिशवी इथेच राहणार होती.

"माझे होते तेवढे गेम पुरले असते मला," आई म्हणाली.

"मला नसते पुरले," मावशी म्हणाली आणि तिने सोल्डरिंग गन उचलली.

आणि मग चिंगी नुसती बघतच राहिली. केसाएवढ्या अंतरावर ओळीने उभे असलेले चिपचे पाय, आणि त्यातल्या एकेकावर मावशी गनचं टोक असं टेकवत होती, जसं काही झोपलेल्या बाळाच्या गालाला बोट लावतेय. चांदीसारखा थेंब वितळायचा, पळायचा आणि बरोबर आपल्या जागी जाऊन बसायचा. एकही थेंब शेजारच्याच्या घरात घुसला नाही!

"मावशी, तू म्हणजे ना, कहर आहेस!"

"कहर नंतर. टॉर्च चिपवर धर, माझ्या नाकावर नको."

एक पाय तिने मुद्दाम वाकवून वर हवेत ठेवला. त्याला लांब वायर, वायरच्या टोकाला खटका. "हा पाय ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडला की चिप माझा भाग वाचते. सोडला की ताईचा."

खटका मावशीच्या बाजूला. चिंगीने बटण दाबलं. टीव्हीवर अनोळखी अक्षरं झळकली, अनोळखी धून वाजली. चिंगी खुर्चीवर चढून नाचली.

कन्सोल बंद. खटका आईकडे. पुन्हा बटण.

पडद्यावर नुसते पट्टेच पट्टे. पुन्हा दाबलं. काळाकुट्ट पडदा.

"माझंच बरं अडलं?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. तिने तुटक्या पायाची जुनी चिप उचलून तळहातावर घेतली. ती आता परत बसणार नव्हती, हे चिंगीलाही कळत होतं.

चिंगीने घाबरत घाबरत मावशीकडे पाहिलं. तर मावशीचे डोळे चमकत होते! कुणी मस्त कोडं घातल्यासारखे. ती वाकली, खटक्याची वायर तिने दोन बोटांत धरली. "कर चालू."

आईची जुनी धून वाजली. आई खाली बसलीच.

मावशीने वायर सोडली. पट्टे. धरली. धून.

"बघ," आई म्हणाली, "तू धरलंस की चालतं. सोडलंस की अडतं."

मावशीने मान वर केली नाही. "पाय लोंबकळतोय. ग्राउंडपासून सोडवला, पण दुसरीकडे बांधलाच नाही मी. म्हणून तो माझ्या बोटाच्याही नादी लागतोय. घाई नडली." तिने डबीतून एक चिमुकला रेझिस्टर शोधला. त्याचं एक टोक त्या पायाला, दुसरं पाच व्होल्टला. दोन थेंब. एक फुंकर. "झालं. आता मी असले काय, नसले काय."

आईने तळहातावरची जुनी चिप मुठीत मिटली.

तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मग नुसती धावपळ. बॅग, पासपोर्ट, मिठ्या. "चालवून बघ गं!" जिन्यावरून मावशीचा आवाज आला.

चिंगीने खटका आईकडे केला, बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभी राहिली. वायरला कुणाचंच बोट नव्हतं. पट्टा नाही, काळोख नाही. पहिल्या फटक्यात चित्र, स्वच्छ, धुतल्यासारखं! चिंगीला वाटलं, सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं.

"चाललं का?" खालून हाक आली.

चिंगीने तोंड उघडलं. आईने पटकन त्यावर हात ठेवला आणि स्वतः खिडकीतून वाकली.

"नाही चालत! वर ये!"

मागे टीव्हीवर तिची जुनी धून खणखणीत वाजत होती. खाली मावशी टॅक्सीचं उघडं दार धरून उभी होती. धून तिला ऐकू जात होती, आणि ती आत बसत नव्हती.