लख्ख हत्यारं

“बाबांची हत्यारं मी लख्ख करून ठेवलीत,” असं तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि नवरा चहा प्यायचा थांबला.

“कुठली हत्यारं?”

“ती पिवळी. लाकडी पेटीतली. पार काळवंडली होती.”

“कशानं घासलीस?”

“तारेच्या घासणीनं.”

त्यानं कप खाली ठेवला आणि वडिलांना फोन लावला. फोन बंद होता. बंद असणारच, तेलाच्या डेपोत शिरताना फोन फाटकावरच जमा करावा लागतो. मग त्यानं तिला भराभरा सांगितलं. बाबा टाक्यांचे फिटर. पेट्रोलची वाफ कोंडलेली असते तिथं लोखंडी पाना चालत नाही, एक ठिणगी उडाली की खेळ खलास. म्हणून ती पिवळी हत्यारं. तांब्यात बेरिलियम मिसळून केलेली, कितीही आपटली तरी ठिणगी न देणारी. पण पोलादापेक्षा मऊ. तारेची घासणी फिरवली की तिचे बारीक पोलादी कण त्या धातूत रुतून बसतात, आणि मग तीच हातोडी आपटली की ठिणगी उडू शकते. त्या पेटीला हात लावायचा नाही, हे त्या घरात सगळ्यांना इतकं पाठ होतं की नव्या सुनेला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तो शर्ट शोधेपर्यंत ती जिना उतरून रस्त्याला लागली होती.

डेपो घरामागच्या दोन गल्ल्या ओलांडल्या की लागायचा. ऊन चांगलंच तापलं होतं. धावता धावता तिचे कान त्या दिशेला लागले होते. कुठं एखाद्या दुकानाचं शटर आपटलं तरी ती आकाशात धूर शोधू लागे.

आणि हे सगळं कशापायी, तर आभार मानायचे होते म्हणून! सासऱ्यांना गल्लीत सगळे ‘हूंकाका’ म्हणत. जेवण झालं का विचारा, हूं. पंखा लावू का, हूं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे धड मान वर करून पाहिलंही नव्हतं. सून कोणती आणि शेजारीण कोणती हे तरी त्यांना ओळखू येतं का, अशी ती नवऱ्याची थट्टा करायची. काल सुट्टीच्या दुपारी मात्र आत्याबाईंनी, सासऱ्यांच्या बहिणीनं, जेवताना विषय काढला. नर्सिंगच्या शाळेचं खूळ आता पुरे झालं, नव्या नवरीला घर नको का सांभाळायला, असं बरंच काही त्या बोलल्या. ती मान खाली घालून वाढत राहिली. नवरा नेहमीप्रमाणे आमटीत बुडाला. तेव्हा हूंकाकांनी घास हातातच ठेवून म्हटलं होतं, “ती शिकणार.” एवढंच. आत्याबाईंनी विषय सोडून ताक मागितलं.

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. इतकं बरं तिला त्या घरात आधी कधी वाटलं नव्हतं. पण हूं म्हणणाऱ्या माणसापुढं उभं राहून आभार मानायचे तरी कसे? म्हणून ते संध्याकाळी पाय मोकळे करायला गेले तशी तिनं पेटी उघडली. एकेक पाना, छिन्नी, हातोडी जीव लावून घासली, पुसली, परत जागच्या जागी ठेवली. सकाळी त्यांनी पेटी न उघडताच खांद्याला मारली, तेव्हा तिला हसूही आलं होतं. कामावर उघडतील तेव्हा चकित होतील, म्हणून.

ज्यानं आपली बाजू घेतली त्याच्याच जिवावर आपण उठलो. ती मनातल्या मनात म्हणत होती, रागावू देत, माहेरी धाडू देत, शाळाही सुटू दे, पण माणूस धड असू दे.

फाटक दिसलं. आत टाक्या शांत उभ्या होत्या. फाटकावरच्या रखवालदाराला ती कसंबसं म्हणाली, “फिटरबाबा... हत्यारं... काम थांबवा.”

रखवालदाराची जराही धांदल उडाली नाही. सावलीत एक खुर्ची मांडलेली होती, ती त्यानं तिच्यापुढं सरकवली. स्टुलावर झाकून ठेवलेला पाण्याचा पेला उचलून तिच्या हातात दिला.

“बसा. ती हत्यारं आत गेलीच नाहीत. इथं प्रत्येक पेटी आत जाण्याआधी उघडून बघतो आम्ही. झाकण काढलं आणि तुमचे सासरे समजले. ती पेटी माझ्या खोलीत आहे, ते डेपोची हत्यारं घेऊन गेलेत.”

ती खुर्चीत कोसळलीच. तिनं पेला एका दमात रिकामा केला. मग तिच्या लक्षात आलं.

“पण मी येणार हे तुम्हाला कसं...”

“तेच सांगून गेले. खुर्चीही त्यांनीच मांडली. म्हणाले, सुनेला यातलं काही कळलं नाही तर घरी विषय काढायचाच नाही. पण कळलं, तर ती कुणाला पाठवणार नाही, स्वतः धावत येईल.” रखवालदार हसला. “आणि म्हणाले, रडायला लागली तर तिला सांगा, उभ्या जन्मात माझी हत्यारं कुणी पुसून ठेवली नव्हती.”