घरचा शिक्का

"प्रतिवादी गैरहजर. लेखी उत्तरही नाही," न्यायाधीश म्हणाले. "समन्स पोचलंय ना?"

"पोचलंय साहेब," ओरिहाराने सवयीने सांगून टाकलं. बजावणी बघायचं काम कोर्टाच्या कारकुनाचं, म्हणजे तिचंच. पोस्टमनने आणलेली पोचपावती तिनेच तपासून फायलीला लावली होती. घरातल्या माणसाने घेतलं, सहीच्या जागी घरच्या आडनावाचा शिक्का, कुवाशिरो. कायद्याला एवढं पुरतं.

वादी तोकुजी कुवाशिरो इस्त्रीचा कोट घालून समोर बसला होता, शेजारी फडक्यात बांधलेला डबा. थोरल्या बहिणीने, फुसाएने, घर सोडून जावं एवढाच त्याचा दावा. ती आली नाही, म्हणजे आजच एकतर्फी निकाल. पासष्टाव्या वर्षी बाई रस्त्यावर.

ओरिहाराने फाईल पुढे सरकवली आणि तिचा हात थबकला. पोचपावतीवरच्या लाल शिक्क्याचा खालचा टवका उडालेला होता. दाव्याच्या अर्जावर तोकुजीच्या नावापुढेही तोच शिक्का, तोच टवका. दोघांचा पत्ताही एकच. हे तीन आठवड्यांपूर्वीच दिसायला हवं होतं. डोळे काय गहाण पडले होते माझे, ती मनाशी म्हणाली.

"साहेब, चूक माझी आहे," ती उठली आणि तिने दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बहिणीचं समन्स कोणी घेतलं, कुवाशिरो?"

"दारात मीच होतो ना. शिक्का चपलांच्या कपाटावरच असतो. जो दार उघडेल तो उठवतो."

"मग दिलंत तिला?"

"एका चुलीवर जेवतो आम्ही साहेब. घरात आलेला कागद काय हाताला धरून दाखवायचा?"

"दिलंत का?"

तोकुजीने टाय चाचपला. "तिने विचारलं असतं तर दिला असता."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आत्ता कुठे आहे ती?"

"शेडवर. कालवं सोलायला जाते." त्याची नजर डब्याकडे गेली. "सकाळी हा भरून दिला मला. म्हणाली, शहरात चाललायस, सावकाश जा."

आता कुणी हसलं नाही.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," न्यायाधीश म्हणाले. "दावा तुमचा आणि समन्स घेणारेही तुम्हीच. कागद घरात पोचला, बाईंना पोचलेला नाही. ही बजावणी झालीच नाही. ओरिहाराबाई, पुन्हा पाठवा. कामावर, तिच्याच हातात."

"हां, पाठवा की," तोकुजी डबा उचलत पुटपुटला. "शिक्का मागायला माझ्याकडेच येईल ती."

दहा दिवसांनी नवी पोचपावती आली. 'स्वतः घेतले,' पोस्टमनने लिहिलं होतं. ओरिहाराने ती या वेळी खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून पाहिली. चौकटीत शिक्का नव्हता. ओल्या बोटांनी शाई फरफटलेली, अक्षरं वेडीवाकडी, शेवटचं चौकटीबाहेर गेलेलं. आडनाव लिहिलंच नव्हतं. नुसतं, फुसाए.