सरकारचा खटला

शहाद्याच्या कचेरीत गेंद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. तीन पावसाळ्यांपूर्वी त्याने रानडुकरावर सोडलेला बाण गवत कापणाऱ्या शेजाऱ्याला लागला आणि शेजारी जागीच गेला. गेंद्याने पंचांपुढे कबूल केलं. पंच म्हणाले, “मेलेल्याच्या जागी आता तू, त्याच्या आईचं शेत नांगर, तिला माय म्हण.” तेव्हापासून ती म्हातारी, ठकुबाई, त्याला भाकर वाढत होती. पुढे खबर पोलिसांना लागली, आणि पंचांपुढे दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटपुढे फिरवायची गेंद्याला लाज वाटली. साहेब म्हणाले, “चुकून मारलं तरी बेफिकिरी हा गुन्हाच. दोन वर्षं कैद.” ठकुबाई पुढे झाली. “हाऊ आते मन्हा पोर शे. याले सोडी द्या.” “म्हातारे, खटला तुझा नाही, सरकारचा आहे.” “मंग सरकारना घरमा कोण मरनं, सायेब?” साहेबांनी पुढचा कागद ओढला, शिपायाने गेंद्याची साखळी.