अहो आई

बसमध्ये सगळ्या जागा दोन-दोनच्या, आणि ही माणसं तीन. त्यामुळे परदेशातल्या त्या सहलीत रोज सकाळी एकच तंटा व्हायचा. नवरदेव म्हणायचा, "अहो आई, तुम्ही हिच्याजवळ बसा, मी मागे जातो." नवरी म्हणायची, "अहो आई, तुम्ही खिडकीशी बसा, हा बसेल कुठेही." आणि सासूबाई दोघांचंही न ऐकता मागच्या रांगेत मास्तरीणबाईंच्या शेजारी जाऊन बसायच्या.

मास्तरीणबाई सहलीला एकट्याच आल्या होत्या. जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली, तोंडाने फटकळ, मनाने साफ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारून टाकलं होतं, "हनिमूनला सासू बरोबर? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"या दोघांच्याच. मी नको नको म्हणत होते, तर पासपोर्ट काढून हातातच ठेवला. मग काय करणार!"

"नशीब लागतं हो. आजकालची मुलं आईला दवाखान्यापर्यंत नेत नाहीत. आणि तुमचा मुलगा तर चक्क अहो-जाहो करतो! आमचे चिरंजीव मला 'ए म्हातारे' म्हणतात."

सासूबाई नुसत्या हसल्या.

चार दिवसांत अख्ख्या बसला या तिघांचं कौतुक वाटायला लागलं. त्यातही सुनेचं जास्त. लग्नाला जेमतेम महिना झालेला, पण सासूच्या सगळ्या खोडी पोरीला तोंडपाठ. चहात साखर अर्धा चमचा, गुडघ्याचं मलम पिशवीच्या आतल्या कप्प्यात, चष्मा हरवला की तो डोक्यावरच असणार. नवरदेव बिचारा अजून रोज विचारायचा, "आई, साखर किती घालू?"

"पुरुषाची जात!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "जन्म गेला तरी आईची साखर कळायची नाही."

कौतुकाबरोबर कुजबुजही आलीच. पाचव्या दिवशी हॉटेलात नाश्त्याच्या वेळी टोस्टरपाशी दोन बायका बोलत होत्या. "बिचारी पोर! नव्या नवलाईचे दिवस, आणि म्हातारी बसलीय मानगुटीवर." सासूबाई त्यांच्या मागेच बशी घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या.

राग नाही आला. खरं तेच बोलल्या होत्या त्या. आणि इथे आठ दिवसांचा प्रश्न, घरी गेल्यावर तरी काय वेगळं होणार होतं? तीन खोल्या, पातळ भिंती, मधल्या खोलीत आपली खाट. परत गेलं की धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं, कायमचं, असं त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण सकाळचा पहिला चहा सुनेबरोबर ओट्याशी उभ्या उभ्या घ्यायचा, त्याशिवाय त्यांचा दिवस आताशा उजाडतच नसे. बहीण चांगली होती, पण ती चहा पीत नसे.

त्या दिवशी तळ्यावर बोटीची फेरी होती. "माझा गुडघा धरलाय, तुम्ही जाऊन या," म्हणत सासूबाईंनी काठावरचं बाक पकडलं. पलीकडच्या बाकावर मास्तरीणबाई बसल्या. त्यांना बोट लागायची.

बोट थोडी लांब गेली. नवरदेवाची टोपी वाऱ्याने उडाली, तो ती धरायला धडपडला आणि सून मान मागे टाकून खदखदून हसली. इतकी, की काठापर्यंत ऐकू आलं. सासूबाईंचे डोळे भरून आले. हिला असं हसताना बघायचं होतं, दुसरं काही मागणंच नव्हतं. देवाने ते ऐकलं. आता आपण बाजूला व्हायला हरकत नाही.

अर्ध्या तासाने दोघं परत आली, तेव्हा त्यांनी लगेच सांगून टाकलं. उशीर केला तर धीर सुटला असता.

"परत गेल्यावर मी बहिणीकडे राहायला जाते. कायमची. तुमचा संसार तुम्ही दोघं करा. मी येत-जात राहीन."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. "माझं काय चुकलं, आई?"

"चुकतंय कुठे, वेडे? काही चुकलं असतं तर जाणं सोपं तरी झालं असतं."

नवरदेव त्यांच्यासमोर उकिडवा बसला. टोपी त्याने केव्हाच गमावली होती, केस पिंजारले होते. "अहो आई, लग्नाआधी हिची एकच अट होती. आई आपल्याबरोबर राहतील. मी म्हटलं, ही कसली अट, हा तर फायदा आहे. आता तुम्हीच अट मोडलीत, तर ही मला घराबाहेर काढेल. मी कुठे जाऊ? तुमच्या बहिणीकडे?"

रडता रडता सासूबाईंना हसू फुटलं. सून त्यांचा हात घट्ट धरून होती, सोडायला तयार नव्हती.

"बरं बाबा, नाही जात," त्या म्हणाल्या. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आपल्याला कुणी इतकं धरून ठेवावं, असं आपण काय केलं, हेच त्यांना कळेना. "जा आता, माझ्यासाठी कॉफी आणा दोघं."

दोघं गेली. मास्तरीणबाई डोळे पुसत जवळ येऊन बसल्या. "कुठलं पुण्य केलं होतंत हो, असा मुलगा पोटी यायला?"

या वेळी सासूबाई नुसत्या हसल्या नाहीत.

"मुलगा नव्हे हो, जावई."

"अगंबाई! म्हणजे ही तुमची लेक?"

"नाही, ती सूनच. मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिचं लग्न मीच लावून दिलं."