मास्तरांचा थकवा

डायलिसिसहून घरी येताच घोरपडे मास्तर शर्टाची बटणं काढता काढता पलंगावर टेकले. कृष्णेच्या डोहात अर्ध्या गावाला पोहायला शिकवलेल्या मास्तरांना आता आंघोळीचा तांब्याही जड झाला होता. "डायलिसिस म्हटलं की थकवा आलाच," असं सगळे म्हणत. मास्तरांना मात्र वाटे, आपणच आळशी झालोय. त्या लाजेने ते दिवसा आडवे होत नसत. रात्री पाठ टेकली की धाप लागे, मग उठून खोलीत येरझाऱ्या घालू पाहत.

पुढच्या खेपेला नर्सने विचारलं, "काका, झोपताना उशा किती घेता?"

"एक."

"खोटं! तीन घेतात," शेजारून बायको म्हणाली, "तरी बसूनच असतात."

आडवं झालं की धाप लागते, म्हणजे हृदय तपासायला हवं, असं नर्सने डॉक्टरांना सांगितलं. त्याच दिवशी हृदयाचा टू-डी इको काढला. "मास्तर, हृदय कमजोर झालंय, त्याचाच हा थकवा. औषधं सुरू करू, डायलिसिसही जरा सावकाश करू," डॉक्टर म्हणाले.

बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

"मुळीच नाही."

भीती होतीच. तरीही दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी येताच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांनी बायकोपुढे हात केला. "जरा धर गं."