मनगटाची खाज

"हा नका घेऊ," पाळीव प्राण्यांचा दुकानदार म्हणाला. "याला टक्कल आहे."

काचेच्या पेटीत तळहाताएवढा कोळी बसला होता. आठही पायांवर दाट तपकिरी केस, आणि पोटावर मात्र नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा. सलूनवाल्याची नजर आधी चट्ट्यावर गेली, मग कोळ्यावर. रस्त्यात माणूस भेटला तरी तो आधी डोके बघे, मग तोंड. तीस वर्षांची सवय. काही जुनी गिऱ्हाइके तर टोपी काढेपर्यंत त्याला ओळखूच येत नसत.

"चिडका आहे," दुकानदाराने समजावले. "डिवचलं की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतो. बारीक काटेच ते. कातडीत रुतले की दोन दिवस खाज जात नाही. टक्कल जितकं मोठं, तितकं त्याला कुणीतरी पिडलंय असं समजायचं. त्यापेक्षा तो कोपऱ्यातला घ्या. चांगला भरगच्च आहे."

सलूनवाल्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला वाटेत कसलाही अडथळा आला नाही.

"हाच द्या," तो म्हणाला. "भरगच्च दिवसभर बघतोच की."

घरी बायकोने पेटी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"सवत आणली असतीत, तर निदान कपडे तरी वाळत घातले असते तिने."

"अगं, गरीब आहे बिचारा. एका कोपऱ्यात पडून राहील."

"एक महिना," बायको म्हणाली. "घरात कुणाच्याही अंगाला खाज सुटली, की हा आल्या वाटेने परत. मग मला सांगू नका."

सलूनवाल्याने अट मान्य केली आणि लगेच पाण्याची वाटी ठेवायला पेटीत दोन्ही उघडे हात घातले. कोळ्याने शांतपणे पाठ फिरवली आणि मागचे पाय झाडले.

त्या दिवशी जेवताना त्याच्या दोन्ही हातांची आग होत होती. पण त्याने खाजवले नाही. हवामान कसे बिघडत चालले आहे ते सांगितले, दोनदा मीठ मागितले आणि वर्तमानपत्रात डोके घातले. बायकोने काहीतरी विचारले. तो "हं" म्हणाला. मग न्हाणीघरात जाऊन, दार लावून, त्याने हातांवर चिकटपट्टीचे चार तुकडे चिकटवले आणि ओठ चावत उपटले. केस पट्टीबरोबर निघून आले. दुसऱ्या दिवसापासून तो हातमोजे आणि लांब चिमटा वापरू लागला. खाजेचा प्रश्न मिटला.

मिटला नाही तो टकलाचा. आठ दिवसांत नाण्याचे बटण झाले, मोठ्या कोटाचे. पंधरा दिवसांत पोटाचा निम्मा भाग उघडा पडला. सलूनवाला चक्रावला. सकाळी सलूनला जाण्याआधी तो पेटीजवळ वाकून बघे, संध्याकाळी आल्यावर पुन्हा बघे, आणि मधल्या वेळात टक्कल थोडे पुढे सरकलेले असे. घरातले चिकटपट्टीचे रीळही असेच बारीक होत चालले होते, पण ते त्याच्या लक्षात आले नाही. रिळाला केस नसतात.

महिना भरला त्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, दुकानदार कोळ्याचे खाद्य घेऊन घरी आला. पेटीत डोकावून त्याने कपाळाला हात लावला.

"अहो, याचं काय करून ठेवलंत? रोज कुणीतरी झाकण उघडतंय याचं."

"शप्पथ," सलूनवाला म्हणाला. "मी चार दिवसांतून एकदा उघडतो. तेसुद्धा हातमोजे घालून."

मग दोघांनीही मागे वळून पाहिले, कारण खोलीत खर्र खर्र असा आवाज येत होता. बायको दारात उभी राहून चौकटीच्या कडेवर मनगट घासत होती.

"काय झालं गं हाताला?"

"काही नाही. तुमच्या त्या सलूनच्या शर्टांनी होतं. मेले केस अडकलेले असतात त्यात. तीस वर्षं तेच धुतेय."

कात्री उचलताना करतो तशी सलूनवाल्याने मान तिरकी केली. हा विषय त्याचा होता. इथे त्याला कुणी फसवू शकत नव्हते.

"माझ्या शर्टातले केस मानेला टोचतात," तो म्हणाला. "मनगटाला नाही."

बायकोने मनगट पदराखाली घेतले. उशीर झाला होता.

दुकानदार व्यवहारी माणूस. सलूनवाल्याकडून त्याने अट ऐकलेली होती. त्याने पेटी उचलली.

"मग काय वहिनी, घेऊन जाऊ? खाज सुटली की परत, असं ठरलं होतं म्हणे."

सलूनवाल्याने जमिनीकडे पाहिले. महिनाभर हातमोजे घालून सांभाळलेला प्राणी अटीत हरला होता, आणि अट तोडणारी अट घालणारीच होती.

"ठेवा ती खाली," बायको म्हणाली.

"अगं, पण तूच तर..."

"ठेवा म्हणते ना. दुपारी घरात दुसरं असतं कोण? चार शब्द बोलते मी त्याच्याशी. बोलताना झाकण उघडावं लागतं. बंद डब्याशी बोलायची मला हौस नाही, तेवढं लग्न झाल्यापासून झालंय."

दुकानदाराला राहवले नाही. "पण वहिनी, त्याला कान नसतात. त्याला ऐकू येत नाही."

"नसू देत," ती पेटी आपल्याकडे ओढून घेत म्हणाली. "डोळे आठ आहेत, आणि आठही माझ्याकडे असतात. यांचे दोनच, तेही जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर."